तिच्या डब्यातला शाळू

त्या रविवारी दुपारी आम्ही दोघं शाळू निवडत बसलो होतो. सांगलीत, विश्रामबागेत, खानावळीच्या मागं आमची भाड्याची खोली, तिच्या पुढच्या कट्ट्यावर. रविवारी संध्याकाळी खानावळ बंद असते, म्हणून पुढच्या दोन दिवसांचं धान्य तेव्हा निवडून ठेवायचं. नवा शाळू होता, म्हणजे रब्बीची ज्वारी, जतकडचा, मशीनवर मळलेला. त्यामुळं खडं आणि मातीची ढेकळं जास्त. तिच्यापुढं सूप, माझ्यापुढं ताट, मधे पोतं. तिनं निवडलेला तिच्या डब्यात, मी निवडलेला माझ्या डब्यात. तेलाचे पत्र्याचे दोन डबे. दोघांचं एकत्र का घालत नव्हतो, तर माझ्या निवडण्यावर तिचा काडीचा भरवसा नव्हता.

"तुमचा डबा मी उद्या परत बघणार हाय," ती म्हणाली.

"मग मला बसवलंस कशाला?"

"बसायची तुमाला सवय हाय म्हणून."

बेचाळीस वर्षं असंच बोलली ती मला. डोळ्याला कमी दिसतं हे मी तिला सांगत नव्हतो आणि तिला ते माहीत होतं. उन्हं कट्ट्यावरून खाली गेली तसे दोन्ही डबे भरले. तिनं झाकणं लावली. तिच्या डब्यावर खूण म्हणून जुन्या लुगड्याची चिंधी बांधली. "सकाळी गिरणीवाल्याला सांगा," म्हणाली, "आमच्याआधी गहू दळू नको म्हणावं." मी बरं म्हणालो. मग तिनं चहा केला, आम्ही तो प्यालो, आणि झोपलो. एवढंच. शेवटचं म्हणून काही केलं नाही. माहीत असतं तर माझं ताट जरा नीट बघितलं असतं.

सकाळी साडेचारला उठून मला हलवून जागं करायचं, हे तिचं काम. सोमवारी मी उठलो तेव्हा उजाडलं होतं. एवढ्यावरूनच मला कळलं.

रडण्याचं काय ते मी माझं बघेन. ते इथं लिहीत नाही. मला राग आलाय, तो लिहितो. माझं शिक्षण चौथी, अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं. पण राग लिहायला चौथी पुरते.

राग पहिला त्या स्टुलाचा. मी मूळचा माणदेशातला, धनगराचा. बाप मेंढरामागं गेला, आज्जा मेंढरामागं गेला. मी मिसरूड फुटायच्या आत मेंढरं विकून झाली आणि मी साताऱ्याला आलो. वीस-बावीस वर्षं हमाली केली, मग गावातल्या एकानं औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या गेटावर चिकटवलं. चार महिन्यांसाठी म्हणून बसलो तो एकतीस वर्षं बसलो. लोखंडी स्टूल, एक शिट्टी, एक वही. गाडी आली की नंबर लिहायचा, गेट उघडायचं. गाडी गेली की नंबर लिहायचा, गेट लावायचं. साहेबाच्या गाडीचा हॉर्न वेगळा, तो ऐकला की उभं राहून हात कपाळाला. आमच्यावर एक रिटायर सुभेदार होता. तो आम्हाला सकाळी रांगेत उभं करून पट्टा ओढून बघायचा. ठेकेदार पाच बदलले. प्रत्येकानं टोपी बदलली. कुणी निळी दिली, कुणी काळी. स्टूल तेच.

आणि सांगायची लाज वाटते, पण सांगतो. त्या कारखान्यात काय बनतं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. ट्रकवर ताडपत्री असायची. कुणाला विचारलं तर म्हणायचे, "पार्ट." कशाचा पार्ट, तर "मशीनचा." आत जायची मला परवानगी नव्हती. एकतीस वर्षं ज्याची राखण केली ती वस्तू मी डोळ्यानं बघितली नाही. मेंढरं राखणाऱ्याला प्रत्येक मेंढराचं तोंड माहीत असतं, आणि मला गेटाच्या आतलं काही माहीत नाही. ह्याला काय राखण म्हणायचं?

कारभारीण मला पहिल्या वर्षापासून सांगत होती, सोडा म्हणून. "बसून बसून तुमच्या ढुंगणाला स्टुलाचा आकार आलाय," म्हणायची. मी भ्यायलो. पोराची शाळा, मग पोराचं कॉलेज, मग पोराचं लग्न. दर वेळी एक कारण घेऊन मी त्या स्टुलावर परत जाऊन बसायचो. आणि सुटलो कसा? मी सोडलं नाही. सहावा ठेकेदार आला. त्याचा माणूस म्हणाला, "बाबा, तुमचं वय झालं, उद्यापासून येऊ नका." शिट्टी परत मागून घेतली. एवढ्या वर्षांची थुंकी लागलेली शिट्टी, ती पण त्यांना पाहिजे होती.

मग साताऱ्यातच पोराच्या फ्लॅटवर गेलो. पोरगं चांगलं आहे, ऑफिसात आहे, सूनबाई चांगली आहे. त्यांनी मला गॅलरीत खुर्ची टाकून दिली. खाली बघितलं तर बिल्डिंगचं गेट, आणि गेटावर वॉचमन. मी वरनं त्याच्याकडं बघायचो, तो खालनं माझ्याकडं. दोघंही बसलेले. एकदा त्यानं मला सलाम ठोकला. त्या दिवशी मी जेवलो नाही.

सहा महिने असे गेले. तिच्या माहेरची एक बाई विश्रामबागेत कॉलेजच्या पोरापोरींची खानावळ चालवते. नात्यात ती हिला आत्ती म्हणते, म्हणजे मला मामा. तिला भाकरी करणारं माणूस पाहिजे होतं. कारभारणीनं मला विचारलं नाही. पिशवी भरली आणि दारात उभी राहून म्हणाली, "मी चालले सांगलीला. येताय तर या, न्हाईतर बसा गेट राखत."

मी पंधरा दिवस बसलो. मग एसटी धरली.

खानावळीत मी काय करणार? पाणी भर, भाजी आण, वाढ. ती सकाळी साठ-सत्तर भाकरी थापायची, संध्याकाळी तेवढ्याच. पोरं तिला आज्जी म्हणायची. पाच महिन्यात तिचा उजवा खांदा धरला. हात डोक्याच्या वर जाईना. मालकीण वाईट बाई नाही, पण धंदा तिला पण बघायचा होता. ती म्हणाली, "आत्ती, तुमी आराम करा. मी भाकरीचं मशीन बघून आलीया."

कारभारीण म्हणाली, "मशीन कशाला? हे बसलंय की मोकळं." आणि माझ्याकडं बोट दाखवलं.

मालकीण हसली. मी पण हसलो. ती हसली नाही. मग मला चेव आला. म्हणालो, "आमच्यात गडीमाणूस रानात तीन दगडांवर भाकरी भाजतो. मला काय शिकवायचं?" आणि बसलो परातीपुढं. पहिली भाकरी झाली ती बोटभर जाड. तव्यावरनं काढली आणि कारभारणीनं ती भिंतीवर वाजवून बघितली.

"ही मेंढक्याची भाकरी," म्हणाली. "एक खाल्ली की दिवसभर वढ्याचं पाणी पीत हिंडायचं. ही पोरं कॉलेजात जाऊन मरतील."

तिनं मला दीड महिना शिकवलं. गेटावरचं नव्हे, पण तसलंच एक स्टूल तिनं माझ्या मागं टाकलं आणि त्यावर बसली. आता ती बसलेली आणि मी कामाला. ते तिला लय गोड वाटायचं. "आता मी वॉचमन," म्हणायची. पीठ जुनं असलं की विरी, म्हणजे त्याचा चिकटपणा, जाते, भाकरी थापताना कडेनं फाटते, मग त्याला आधणाचं पाणी घालून मळावं लागतं. नव्या पिठाला साधं पाणी चालतं. हे मला सत्तरीला टेकल्यावर कळलं. इतकी वर्षं खाल्लेल्या भाकरीत एवढी अक्कल असते हे मी कधी बघितलंच नव्हतं. ती डोळे मिटून बसायची आणि नुसत्या थापण्याच्या आवाजावरनं सांगायची, "मधे जाड राहिलीया." बघावं तर खरंच मधे जाड.

एक दिवस सकाळी तिनं काहीच सांगितलं नाही. चाळीस भाकरी झाल्या, पन्नास झाल्या. मला वाटलं झोपली. वळून बघितलं तर जागी होती. म्हणाली, "काय बघताय? तवा तापलाय." त्या दिवशी मला नोकरी लागली. मालकिणीनं मशीनचं नाव काढलं नाही.

मी ते सुख कसं सांगू? एकतीस वर्षं गेटावर जे केलं त्यातलं संध्याकाळी काही उरत नव्हतं. इथं पण संध्याकाळी काही उरत नाही. पण इथं ते पोरांच्या पोटात जातं म्हणून उरत नाही. आटपाडीकडची एक पोरगी पहिल्या घासाला थांबली आणि म्हणाली, "आजोबा, आमच्याकडच्यासारखी लागतीया." आमच्याकडचीच होती ती. शाळू तिकडचा, पाणी इकडचं, थापणारा तिकडचा. मी तिला आणखी एक वाढली. माझ्या हातानं केलेली वस्तू माझ्या डोळ्यापुढं कुणीतरी वापरतंय, हे आयुष्यात पहिल्यांदा होत होतं.

आता लोकांचं ऐका. एका लग्नात तिच्या भावानं, म्हणजे माझ्या मेव्हण्यानं, चारचौघात मला विचारलं, "दाजी, भाकऱ्या थापताय म्हणं. बांगड्याबी भरल्या का?" सगळे हसले. माझ्या आधी तीच बोलली. "भरल्या तर वाजतील तरी. तुजा हात हलला की काय वाजतंय?" मेव्हण्याची द्राक्षबाग आहे, बंगला आहे, कामाला माणसं आहेत. त्याचा हात हलत नाही हे सगळ्या पाहुण्यांना माहीत होतं. पण तो ते विसरला नाही.

पोराला पण आवडलं नव्हतं. फोनवर म्हणायचा, "आप्पा, लोक विचारतात वडील काय करतात, मी काय सांगू?" मी म्हणालो, "तीस वर्षं काय सांगत होतास?" तर म्हणाला, "कंपनीत आहेत म्हणून." मी कंपनीत नव्हतो. मी कंपनीच्या दारात होतो. हे त्याला पण माहीत होतं. पण भाकरीपेक्षा त्याला ते दार बरं वाटत होतं.

असो. सोमवारी दुपारी तिची माती झाली.

संध्याकाळी खोलीत आणि कट्ट्यावर माणसं बसली होती. शेजारच्या घरातून पिठलं-भाकरी आली होती, कारण मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत. कुणाच्या तरी हातची ती भाकरी कडेला कच्ची होती. तिनं एक घास खाल्ला नसता. मी खाल्ली. मेव्हणा भिंतीला टेकून बसला होता आणि सगळं तो ठरवत होता. बुधवारी रक्षा सावडायची. तेरावा साताऱ्याला.

"दाजी, तेरा दिवस तुमी कुठं जायचं न्हाई, कशाला शिवायचं न्हाई," तो म्हणाला. "मग पोरगा हाईच."

पोरगा माझ्याजवळ सरकला. डोळे सुजले होते त्याचे. म्हणाला, "आप्पा, उद्याच आपण साताऱ्याला जाऊ. बुधवारी गाडीनं येऊन सावडून परत. मी सगळं बघतो. तुम्ही आता फक्त आराम करा. गॅलरीत ऊन पण कमी लागतं, मी जाळी बसवून घेतलीय."

जाळी बसवून घेतली होती. म्हणजे हे आजचं नव्हतं. आराम हा शब्द ज्यानं काढला त्याला धरून आणून एकतीस वर्षं स्टुलावर बसवायला पाहिजे. म्हाताऱ्या माणसाला काय पाहिजे हे विचारायच्या आधी ही माणसं खुर्ची आणतात. बसला की ह्यांचं काम संपलं.

मी मालकिणीकडं बघितलं. ती दारात उभी होती, पदर तोंडाला लावून. म्हणाली, "मामा, तुमी काळजी करू नका. पोरास्नी मी बाहेरनं चपात्या आणून घालते. म्होरलं म्होरं बघू."

म्होरलं म्होरं बघू. हे मी पाच ठेकेदारांच्या तोंडून ऐकलेलं आहे. त्याचा अर्थ मला कुणी सांगायला नको. तेरा दिवस मी साताऱ्यात बसलो की इकडं मशीन येणार. मशीन आलं की माझ्या परातीवर दुसरं काहीतरी ठेवणार. तिनं खांदा मोडून मला दिलेली नोकरी तेरा दिवसात जाणार, आणि सगळे म्हणणार, बरं झालं, म्हातारा आता आरामात आहे.

तेवढ्यात मेव्हण्याची नजर कोपऱ्यातल्या डब्यांवर गेली.

"ह्यात काय हाय?"

"शाळू. खानावळीचा."

"मयताच्या घरातला दाणा खानावळीत कसा चालंल? गाईम्हशीला घालून टाका."

"त्यातला एक डबा तिनं निवडलाय," मी म्हणालो. "काल."

"म्हणून तर म्हणतोय दाजी."

मला त्या क्षणी त्याच्या थोबाडात द्यावीशी वाटली. दिली नाही. हात जड झाला होता. पण तोंड जड नव्हतं.

मी लहान असताना, आठ-नऊ वर्षांचा असेन, आमचा वाडा कोरेगावच्या बाजूला होता. वाडा म्हणजे आमच्यात घर नव्हे. मेंढरं, घोडी, बिऱ्हाडं घेऊन हिंडणारी आमची टोळी, तिला आम्ही वाडा म्हणतो. दिवाळी झाली की माणदेश सोडायचा आणि पावसाळ्याच्या तोंडाला परतायचं. शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतात, एका रानातून दुसऱ्या रानात. तिथं एका रानात माझी आज्जी गेली. संध्याकाळी माती दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी वाडा हलला. त्या रानात चारा उरला नव्हता आणि पुढच्या रानवाल्याला शब्द दिला होता. मेंढरांना सुतक कळत नाही. आईनं उजाडायला तीन दगड मांडून सगळ्या वाड्याच्या भाकरी केल्या, आज्जीच्याच परातीत. मग परात पालथी घालून घोड्यावर बांधली. तेरावं कुठं झालं? कुठंच नाही. गावाला परत आल्यावर गोडं जेवण घातलं. सुतक चालता चालता फिटलं.

आणि त्या वाड्यात मेव्हण्याच्या बापाचं पण बिऱ्हाड होतं.

मी म्हणालो, "पाव्हणं, कोरेगावच्या रानातलं आठवतंय का? माझी आज्जी गेली तवाचं."

"लहान होतो मी."

"लहान व्हता. पर दुसऱ्या दिशी सकाळी माझ्या आयीनं केलेली भाकरी तुमीबी खाल्ली. दोन खाल्ल्या. वर दूध मागितलं."

कुणीतरी हसलं आणि गप्प झालं. मयताच्या घरी हसायचं नसतं. ती असती तर हसली असती.

"तवाची गोष्ट येगळी," मेव्हणा म्हणाला. "तवा आपण रानातली माणसं."

"आन् आता?"

बंगला झाला की शास्त्र आठवतं. हातात घोड्याची दोरी होती तेव्हा ह्यातलं काहीच नव्हतं, आणि तेव्हा काय आमचे देव आमच्यावर कोपले नव्हते. आम्ही मेलेल्याला विसरत होतो असं पण नाही. माझी आई त्या परातीत भाकरी करताना दर वेळी आधी परातीच्या काठाला हात लावून घ्यायची. मरेपर्यंत.

पोरगा म्हणाला, "आप्पा, मामांचं ऐका. सकाळी बोलू."

मी म्हणालो, "सकाळी मला काम हाय."

कुणाला वाटलं दुःखानं बोलतोय. बोलू दे म्हणाले.

मंगळवारी साडेचारला मला कुणी हलवलं नाही. मी जागाच होतो. आंघोळ केली. माणसं ओळीनं झोपली होती. त्यांच्यातनं वाट काढून चिंधी बांधलेला डबा उचलला. माझा नाही, तिचा. माझ्यावर तिचा भरवसा नव्हता, आणि त्या दिवशी माझा पण नव्हता. डबा सायकलच्या कॅरेजला बांधला आणि गिरणी उघडायच्या आधीच जाऊन दारात उभा राहिलो.

गिरणीवाला सातला आला. त्याला कळलं होतं. त्यानं डबा उतरून घेतला.

मी म्हणालो, "आमच्याआधी गहू दळू नको."

"न्हाई दळत, आजोबा. आज्जी शनिवारीच सांगून गेल्यात."

बघा. मला सांगायला लावलं आणि तिनं आधीच सांगून ठेवलं होतं. एवढा भरवसा. मला भर गिरणीत राग आला तिचा. मग पीठ पडायला लागलं आणि त्याचा वास आला. मी तोंड वळवून रस्त्याकडं बघत उभा राहिलो. गिरणीचा आवाज मोठा असतो, बरं असतं.

खानावळीत गेलो तर मालकीण चपात्यांचा पुडा सोडत होती. मला बघून तिचे हात थांबले.

"मामा, आज?"

"आज."

"लोक काय म्हणतील?"

"कुठलं लोक? ज्याला चालत न्हाई त्यानं चपाती खावी. मी कुणाच्या ताटात जबरदस्तीनं टाकत न्हाई."

"पोरांच्या आयाबापांनी ऐकलं तर?"

"तर मला पाठीव त्यांच्याकडं. मी सांगतो कोरेगावची गोष्ट."

कोरेगावची गोष्ट तिनं रात्री दारात उभी राहून ऐकली होती, आणि ती पण आमच्यातलीच. मग तिनं गॅस पेटवला आणि तवा ठेवला. परातीमागं तिच्या आत्तीचं स्टूल होतं. ते ती उचलून बाजूला न्यायला लागली. मी म्हणालो, राहू दे, आणि पिठाचा डबा त्यावर ठेवला. हाताशी आला.

परातीच्या काठाला हात लावला आणि पीठ घेतलं. नवा शाळू, साधं पाणी पुरलं. विरी अशी की भाकरी हाताखाली आपोआप फिरत होती. मधे जाड राहते का, हे सांगायला मागं कुणी नव्हतं. मी स्वतःच कान देऊन थापल्या. दोन फाटल्या. त्या बाजूला ठेवल्या, माझ्यासाठी. बाकी सत्तर.

अकराला पोरं आली. आत येताना चपला वाजवतात, आज वाजवल्या नाहीत. ती आटपाडीकडची पोरगी ताट घेऊन माझ्यापुढं उभी राहिली.

"आजोबा, सुतक असतं ना?"

"असतं."

"मग?"

"मग भाकरी गरम हाय."

तिनं ताट पुढं केलं. दोघातिघांनी चपात्या घेतल्या. त्यांचा मला राग नाही. त्यांच्या घरी तसं शिकवलं असेल. बाकीच्यांनी खाल्ल्या. कुणाच्या दाताखाली खडा आला नाही. मी प्रत्येकाच्या तोंडाकडं बघत होतो. एका पण नाही. तिनं निवडलेलं होतं ते.

मालकिणीनं उरलेल्या चपात्या झाकून ठेवल्या आणि मला विचारलं, "मामा, संध्याकाळला पीठ पुरंल का?"

"पुरंल," मी म्हणालो. "उद्याला दुसरा डबा हाय."

मग मी मागं कट्ट्यावर आलो. माझा डबा बाहेर आणला. ताट घेतलं, ओतलं आणि परत निवडायला बसलो. ऊन अजून डोक्यावर यायचं होतं.

पोरगा खोलीतनं बाहेर आला. हातात माझी बॅग होती, भरलेली. त्याच्या मागं मेव्हणा.

"आप्पा, दोनला निघायचंय."

"सावडून झाल्यावर तू जा," मी म्हणालो. "तेराव्याला मी येतो साताऱ्याला. एक दिवस. मालकिणीला सांगून येतो."

"आणि नंतर?"

"नंतर सकाळची एसटी हाय."

मेव्हणा आत निघून गेला. पोरगा उभा राहिला. फोन वाजला तो त्यानं बंद केला. बॅग खाली ठेवली. ऑफिसातली पँट, तिला मांडी घालता येत नाही, तरी बसला, वाकडातिकडा. जरा वेळ माझ्या बोटांकडं बघत होता.

"आप्पा, तुमच्या हाताखालनं खडे जातायत."

"डोळ्याला दिसत न्हाई."

"आईला माहीत होतं?"

"तिला काय माहीत नव्हतं?"

त्यानं भिंतीला टेकलेलं तिचं सूप घेतलं. धरायचं कसं हे त्याला येत नव्हतं. ओंजळभर दाणे त्यात घेतले, एकेक बोटानं सरकवत बसला, आणि निघालेले खडे माझ्यापुढं कट्ट्यावर ठेवायला लागला. मी पण माझ्या ताटातले ठेवत होतो.

ती म्हणाली होती, तुमचा डबा मी उद्या परत बघणार हाय. तिच्याऐवजी आम्ही बघितला. तिचं बरोबर होतं. लय खडं होतं.